हलव्यावरचा काटा

ग्रिम बंधूंनी १८१२ साली प्रसिद्ध केलेल्या जर्मन लोककथांत अरण्यातील एका घराचे वर्णन आहे. त्याच्या भिंती पावाच्या, छप्पर केकचे आणि खिडक्या साखरेच्या! युरोपात आजही नाताळाच्या सुमारास घरोघरी आल्याच्या खमंग बिस्किटांची घरे बांधतात. खाण्याच्या वस्तूला रूप द्यावे आणि ती न खाता चार दिवस नुसती पाहत राहावी, ही हौस आपल्याकडेही आहे. आपण मात्र घरे बांधीत नाही, दागिने घडवितो.

संक्रांतीचे हलव्याचे दागिने वाचकांनी पाहिलेच असतील. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि तान्ह्या मुलाच्या बोरन्हाणाला ते घालतात. आमची मातृभाषा कोकणी. माहेरी संक्रांतीला तिळगूळ असे, परंतु घरी हलवा कोणी करीत नसे. किनाऱ्यावरच्या दमट हवेत साखर ओलावते, हेही त्याचे एक कारण असावे. पांढुर्ण्यातील जानेवारीची कोरडी थंडी मात्र हलव्याला फार मानवते. लेकीची पहिली संक्रांत आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "दागिने विकत आणायचे नाहीत. पण माझ्याने आता परातीपाशी बसवत नाही. तू कर, मी सांगते." त्यांच्यानंतर घरात हे कोणाला येणार नव्हते, हे त्याही जाणून होत्या आणि आम्हीही.

कृती ऐकावयास सोपी वाटते. पाव वाटी खसखस, दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. पाक उकळताना चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकावी. परातीत खसखस घेऊन ती मंद आचेवर ठेवावी, चमचाभर पाक घालावा आणि तो वाळेपर्यंत बोटांनी दाणे हलवीत राहावे. मग दुसरा चमचा, मग तिसरा. हे एका बैठकीचे काम नव्हे. रोज थोडे थोडे असे कित्येक दिवस चालते.

आमचा पहिला घाणा सपशेल फसला. घाईने एकदम तीन चमचे पाक ओतला. दाणे एकमेकांना चिकटून त्यांची ढेप झाली. दुसऱ्या खेपेस आच वाढविली, तर साखर पिवळी पडली. तिसऱ्या खेपेस दाणे सुटे राहिले खरे, पण गुळगुळीत! सासूबाईंनी एक दाणा बोटांत धरला आणि म्हणाल्या, "तू भाकरीचे पीठ मळल्यासारखे रगडतेस. काटा मोडतो."

त्या बोलण्यातच सारे शास्त्र आहे. पाकातील पाणी उडाले की साखर स्फटिकरूपाने दाण्यावर बसते. दाण्याच्या अंगावर जेथे किंचित उंचवटा असतो, तेथे पुढचा पाक अधिक लागतो, म्हणून उंचवटा आणखी वाढतो आणि त्याचा काटा होतो. हात जड पडला की काटे झिजतात. हात थांबला की दाणे चिकटतात. परातीत साचणारा साखरेचा भुगाही वरचेवर पुसून काढावा लागतो, नाहीतर पाक दाण्यांऐवजी भुग्यालाच लागतो.

अशीच काटेरी साखर जपानातही होते. तिचे नाव कॉन्पेइतो. हे नाव 'कॉन्फेइतो' या पोर्तुगीज शब्दापासून आले. लुईश फ्रोइश नावाच्या पोर्तुगीज पाद्र्याने १५६९ साली ओदा नोबुनागा या सरदाराला ती भेट दिली होती. हा फ्रोइश आधी अनेक वर्षे गोव्यात होता, हे वाचून आम्हांस मोठी मौज वाटली. तिकडे फिरत्या तापलेल्या कढईत एक घाणा तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. आमच्या परातीला आठ दिवस लागले, ही तक्रार आम्ही तेव्हापासून सोडून दिली.

दागिने करताना काट्याचा खरा उपयोग कळतो. दाण्याला भोक पाडता येत नाही. दोऱ्याची गाठ त्याच्याभोवती आवळावी लागते. काटा असेल तरच ती टिकते, गुळगुळीत दाण्यावरून निसटते. बाजारात पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटविलेले दागिने मिळतात. दिसतात सुरेख, पण ते तोंडात घालता येत नाहीत. मग साखरेचे करण्यात हशील काय? आमच्याकडे तीन संध्याकाळी सगळे घर दोरा घेऊन बसले होते. मुकुट सासऱ्यांनी बांधला, तो थोडा वाकडा झाला. हार, बाजूबंद आणि वाळे आम्ही केले. पुतण्याकडे दाणे निवडण्याचे काम होते. त्याने किती निवडले आणि किती खाल्ले, याचा हिशेब कोणी मागितला नाही.

बोरन्हाणाच्या दिवशी लेकीला काळे झबले घातले, वर पांढरेशुभ्र दागिने. डोक्यावरून बोरे, मुरमुरे, उसाचे तुकडे आणि हरभऱ्याचे घाटे ओतले, तेव्हा गल्लीतील मुलांनी एकच गलका केला. सासूबाईंनी नातीच्या हारातील एक दाणा चाचपून पाहिला आणि काही न बोलता पुढच्या वर्षीसाठी परात कोठे ठेवायची ते दाखविले. तोवर लेकीने उजव्या हाताचा वाळा तोंडात घालून त्यावरचे सगळे काटे चोखून टाकले होते.