एका गावाच्या विटा

किल्ल्याच्या भिंतीला सहज हात लावला आणि हाताला वीट लागली. पातळ, रुंद, तांबूस. कोलचेस्टरचा हा किल्ला नॉर्मन राजा विल्यमच्या काळातला, म्हणजे साडेनऊशे वर्षांपूर्वीचा. पण ही वीट रोमनांची. किल्ल्याहून हजारेक वर्षांनी वडील! पडक्या घरातली चांगली वीट नव्या घराला वापरायची, ही आपल्या खेड्यापाड्यांतली जुनी रीत. इथे मात्र सारे गावच तसे उभे राहिले आहे, आणि तेही एकदा नव्हे, पुन:पुन्हा.

कोलचेस्टर इंग्लंडच्या पूर्वेला, एसेक्स परगण्यात, लंडनहून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. लंडन, स्ट्रॅटफर्ड, केंब्रिज अशी ठरीव यात्रा करणारे आपले लोक सहसा इकडे फिरकत नाहीत. मीही गेलो तो एक दिवस मोकळा होता म्हणून. पण ब्रिटनमधले, लेखी नोंद असलेले सर्वांत जुने गाव म्हणून हे मिरवते, आणि ते उगीच नव्हे.

कामुलोस हा इथल्या केल्टिक लोकांचा युद्धदेव. त्याचा कोट तो कामुलोदुनुम. हे गावाचे मूळ नाव. मातीच्या लांबच लांब तटांआड विखुरलेली घरे, शेते आणि गुरांचे वाडे असे त्याचे रूप होते. इसवी सनाच्या आरंभी इथे क्युनोबेलिन राजा राज्य करीत होता. शेक्सपिअरच्या ‘सिम्बेलिन’ नाटकाला नाव मिळाले ते याच्यावरून. त्याच्या नाण्यांवर बार्लीचे कणीस आहे. राजाला आपल्या पिकाचा अभिमान होता असे दिसते.

सन ४३ मध्ये रोमन फौजा आल्या. मागाहून सम्राट क्लॉडियस स्वत: आला. त्याच्या लष्करी सरंजामात हत्तीही होते, असे रोमन इतिहासकार डिओ लिहितो. सम्राट ब्रिटनमध्ये राहिला अवघे सोळा दिवस. पण तेवढ्यात कामुलोदुनुम पडले आणि कित्येक राजे शरण आले. सन ४९ मध्ये निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन इथे रोमन वसाहत वसवली गेली. या जमिनी आल्या कुठून, हे सांगायला नकोच. सैनिकांनी मूळच्या लोकांना घरांतून आणि शेतांतून हुसकावले, असे खुद्द टॅसिटस हा रोमनच नोंदवून ठेवतो. क्लॉडियस वारल्यावर त्याला देव ठरवून त्याचे भव्य देऊळ उभारले गेले आणि त्याच्या पूजाअर्चेचा खर्च पडला जिंकलेल्यांच्याच डोक्यावर.

ठिणगी पडली ती उत्तरेकडे. आयसेनी जमातीचा राजा वारला. सम्राट आणि आपल्या दोन मुली या सर्वांना वारस ठरवणारे मृत्युपत्र त्याने केले होते. रोमन अधिकाऱ्यांनी ते धाब्यावर बसवले, राज्य लुटले, राणी बूडिकाला फटके मारले आणि तिच्या मुलींची अब्रू घेतली. सन ६० किंवा ६१ मध्ये राणी उठली आणि तिने पहिला घाव घातला तो कामुलोदुनुमवर. गावाला तट नव्हता. मदतीला आले जेमतेम २०० शिपाई. उरलेले लोक क्लॉडियसच्या देवळात शिरले, दोन दिवस टिकले आणि संपले.

हे ऐकताना मराठी माणसाला झाशी आठवली नाही तरच नवल. वारसा नाकारलेली विधवा राणी, खालसा झालेले राज्य, हाती घेतलेले शस्त्र! ज्या सत्तेने १८५४ साली दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली, तिच्याच राजधानीत, संसदेजवळ थेम्सच्या काठी १९०२ साली बूडिकाचा रथारूढ पुतळा उभा राहिला. आपल्या मातीतली बंडखोर राणी वंदनीय आणि दुसऱ्याच्या मातीतली बंडखोर! मनात असे काहीसे कडवट घोळवतच मी किल्ल्यातल्या संग्रहालयात शिरलो.

तिथे मात्र गप्प झालो. गावात कुठेही खोल खणले की भाजलेल्या मातीचा तांबडा-काळा थर लागतो. हा बूडिकाच्या आगीचा थर. २०१४ साली हाय स्ट्रीटवरच्या एका मोठ्या दुकानाचे विस्तारकाम निघाले, तेव्हा याच थराखाली एका लहानशा खड्ड्यात दागिने सापडले. सोन्याची कर्णभूषणे, कडी, अंगठ्या, चांदीची साखळी. घोडे गावाशी येऊन ठेपले, तेव्हा कोणीतरी घाईघाईने घरातल्या जमिनीत ते पुरले असणार. काढायला कोणी परत आले नाही. जवळच जळून कोळसा झालेले खजूर आणि अंजीर होते. आगीत जळले म्हणूनच ते टिकले. ज्या बाईचे हे दागिने, तिने कोणाचे राज्य खालसा केले होते? बूडिकाची बाजू न्यायाची होती, यात मला आजही शंका नाही. पण न्यायाच्या आगीतही कोणाचे तरी फडताळातले खजूर जळतात, हे त्या काचेच्या पेटीपुढे कळले.

आग विझल्यावर रोमनांनी गावाला जवळजवळ पावणेतीन किलोमीटर लांबीचा दगडविटांचा तट बांधला. बैल गेला आणि झोपा केला! तो तट बराचसा अजून उभा आहे. पश्चिमेकडचा बाल्कर्न दरवाजा हा ब्रिटनमध्ये उरलेला सर्वांत मोठा रोमन दरवाजा. त्याच्या कमानीखालून आजही लोक बाजाराच्या पिशव्या घेऊन जातात.

पाचव्या शतकात रोमन सत्ता गेली. सॅक्सन आले, डेन आले, आणि ९१७ साली एडवर्ड राजाने गाव परत घेतले. विटा होत्याच. सॅक्सनांनी होली ट्रिनिटी चर्चच्या मनोऱ्याला त्या लावल्या, नॉर्मनांनी किल्ल्याला. आणि किल्ला बांधला कुठे? क्लॉडियसच्या जळालेल्या देवळाच्या जोत्यावर. आयता पाया मिळाल्यामुळेच हा बालेकिल्ला युरोपातल्या नॉर्मन बालेकिल्ल्यांत सर्वांत मोठा झाला. खालची तळघरे त्या देवळाचीच, हे १९२० साली ओळखणाऱ्यांतला एक तरुण म्हणजे मॉर्टिमर व्हीलर. हेच व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. थरावर थर वाचत खणण्याची शिस्त त्यांनी आपल्या कितीतरी संशोधकांना लावली.

गावाला पुढे सुखाचे दिवस आले ते निर्वासितांमुळे. सोळाव्या शतकात स्पॅनिश सत्तेच्या धर्मछळाला कंटाळून फ्लँडर्सचे प्रॉटेस्टंट विणकर इथे आले आणि त्यांच्या लोकरी कापडाने कोलचेस्टरचे नाव दूरवर नेले. त्यांची आळी आजही ‘डच क्वार्टर’ म्हणून ओळखली जाते. पुढे याच आळीत जेन टेलर राहिली. आपल्या बालवाड्यांतून रोज कानावर पडणारे ते चमचमत्या ताऱ्याचे इंग्रजी गाणे तिचे. १८०६ साली ते छापले गेले.

मधल्या काळात मात्र गावाने फार सोसले. १६४८ च्या यादवीत गावाचा ओढा पार्लमेंटकडे, पण आत घुसून बसले राजाचे सैन्य. पार्लमेंटच्या फौजेने अकरा आठवडे वेढा घातला. माणसांनी घोडे, कुत्री, मांजरे खाल्ली. शरणागतीनंतर दोन सरदारांना किल्ल्यामागे गोळ्या घालण्यात आल्या आणि दंड मात्र भरला गावकऱ्यांनी. १६६५-६६ च्या प्लेगने साडेचार हजारांहून अधिक माणसे नेली. १६८३ साली तर एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने विटा-दगड विकण्यासाठी हा किल्लाच विकत घेतला. वरचा भाग पाडून झाल्यावर, पाडण्याचा खर्चही निघत नाही असे दिसल्यावर त्याने नाद सोडला. किल्ला वाचला तो इतिहासप्रेमामुळे नव्हे, तोट्यामुळे!

१८८३ साली गावात विटांचाच एक प्रचंड जलकुंभ उभा राहिला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या प्रसिद्ध हत्तीवरून लोक त्याला ‘जंबो’ म्हणू लागले. क्लॉडियसनंतर गावात आलेला हा दुसरा हत्ती. पुढच्याच वर्षी, २२ एप्रिल १८८४ रोजी, भूकंपाने परिसरातल्या बाराशेहून अधिक इमारतींची पडझड झाली. जंबो मात्र उभाच राहिला. १९६४ साली जवळच एसेक्स विद्यापीठ सुरू झाले. २००४ साली लष्करी छावणीच्या जागेत रोमन रथशर्यतींच्या मैदानाचे अवशेष मिळाले. ब्रिटनमध्ये असे दुसरे मैदान सापडलेले नाही. आणि २०२२ साली या गावाला ‘सिटी’ हा दर्जा मिळाला. रोमनांच्या राजधानीला शहर म्हणवून घ्यायला एवढी वर्षे थांबावे लागले.

संध्याकाळी किल्ल्याबाहेरच्या बागेत बसलो होतो. मुले हिरवळीवर चेंडू खेळत होती. समोर भिंतीवर ऊन उतरले होते आणि विटा पुन्हा तांबूस दिसू लागल्या होत्या. देऊळ क्लॉडियसच्या नावाचे, किल्ला विल्यमच्या. त्या विटांची माती तुडवणाऱ्याचे, भट्टीपाशी रात्र जागवणाऱ्याचे नाव कुठेच लिहिलेले नाही. राज्ये आली, जळाली, गेली. त्याची वीट मात्र दर वेळी कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडली. चेंडू भिंतीवर आपटून परत आला, तेव्हा मी उठलो आणि स्टेशनची वाट धरली.