पानवेलीची मर आणि सामायिक चर
पालघर तालुक्यात एडवणपासून केळवे-माहीमपर्यंतच्या किनारपट्टीत पानवेलीची लागवड परंपरेने होत आली आहे. या वेलीचा सर्वांत घातक रोग म्हणजे फायटोफ्थोरा बुरशीमुळे होणारी मर. पावसाळ्यात पाणी साचले की जमिनीलगतचे खोड काळे पडून कुजते, पाने पिवळी पडतात व वेल वाळते. या बुरशीचे बीजाणू पाण्याबरोबर पसरतात. म्हणून एका वाडीत तुंबलेले पाणी शेजारच्या वाडीलाही मारक ठरते. रोगट वेल मुळासकट उपटून जाळावी आणि इतर वेलींच्या बुंध्याशी १ टक्का बोर्डो मिश्रण (१०० लिटर पाण्यात मोरचूद व कळीचा चुना प्रत्येकी १ किलो) ओतावे. तथापि निचरा नसेल तर औषधही निष्फळ ठरते. सामायिक चर पावसापूर्वी उपसणे एकट्या बागायतदाराच्या आवाक्यातील नाही. तेथे ग्रामपंचायतीनेच पुढाकार घ्यावयास हवा.