केस्लापूरच्या वाटेवरची चाल

आदिलाबाद जिल्ह्यातल्या इंद्रवेल्ली मंडलात केस्लापूर आहे. तिथल्या नागोबाच्या जत्रेआधी गोंडांच्या मेस्राम कुळातली माणसं गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी निघतात. शेजारच्या मंचिर्याल जिल्ह्यातलं जन्नारमकडचं हस्तिनमडुगू गाठायचं आणि पाणी घेऊन परत यायचं. पौष अमावास्येला नागोबाची पूजा त्याच पाण्याने होते. अनेक दिवसांच्या या पायपिटीला कोणी व्यायाम म्हणत नाही. पण रोज चालायचं ठरवून आठवड्यात थांबणाऱ्यांनी ती जरूर पाहावी. इथे तारीख ठरलेली असते, सोबत असते आणि चालण्याचं कारण मनापासूनचं असतं.

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा सिद्धान्तही हेच सांगतो. काम स्वतः निवडलेलं असावं, ते जमतंय असं वाटावं, त्यातून माणसं जोडली जावीत. मग प्रेरणा टिकते. डॉक्टरांच्या धाकाने सुरुवात होते, पुढे गोडीच लागावी लागते.

गोंडांच्या दिवाळीतल्या दंडारी उत्सवात, त्यातल्या गुस्साडी नृत्यात ती गोडी दिसते. हे नृत्य तरुणांना शिकवणारे मार्लवाईचे कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

सवय लागायला किती दिवस? युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासात सरासरी ६६ निघाले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. म्हणजे रोज साधारण २२ मिनिटं. उद्या निघताना शेजाऱ्यालाही हाक मारा.