नवा अल्बम, जुने कान

जुन्या बँडचा नवा अल्बम आला की चाहत्यांत दोन तट पडतात. एकाच्या मते पूर्वीची मजा राहिली नाही, दुसऱ्याच्या मते इतके चांगले त्यांनी आजवर काही केलेच नव्हते. गंमत म्हणजे दोघांनीही तेच गाणे, त्याच दिवशी आणि बहुतेक वेळा एकदाच ऐकलेले असते.

29 एप्रिल 2022 रोजी रामश्टाइन या जर्मन बँडचा 'झाइट' हा आठवा अल्बम आला, तेव्हा हेच झाले. 'झाइट' म्हणजे काळ. 1994 मध्ये बर्लिनमध्ये जमलेले सहा वादक-गायक आजही तेच सहा आहेत, आणि अल्बम आला तेव्हा सहाही जणांनी पन्नाशी ओलांडली होती. त्याआधीच्या अल्बमसाठी चाहत्यांना 2009 ते 2019 अशी दहा वर्षे ताटकळावे लागले होते. हा मात्र तीनच वर्षांत हाती आला. अकरा गाणी. शीर्षकगीत संथ, पियानोवर सुरू होणारे. एका गाण्यात सौंदर्यशस्त्रक्रियांच्या वेडाची टर उडवलेली. आणखी एका गाण्यात गायकाचा आवाज यंत्रातून मुद्दाम कृत्रिम करून घेतलेला. शेवटच्या गाण्याचे नावच निरोपाचे, त्यामुळे बँड आता थांबणार की काय, अशी कुजबुज सुरू झाली. कुणाला हा संथपणा वयाला शोभणारा वाटला, तर कुणाला यंत्राची ती धडधड हरवल्यासारखे वाटले.

ही धडधड म्हणजेच 'इंडस्ट्रियल मेटल'. गिटारचा जाड, खरखरीत आवाज, हातोड्यासारखा पडणारा एकसुरी ठेका आणि जोडीला कारखान्यातून उचलून आणल्यासारखे आवाज. बर्लिनमध्येच 1980 साली सुरू झालेल्या 'आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन' या गटाने तर ड्रिल मशीन आणि भंगारातले पत्रेच वाद्ये म्हणून वापरले. मुळात मेटल संगीताचा जन्मच कारखान्याच्या सावलीत झाला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी 1965 मध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली आणि गिटारला हलक्या तारा लावल्या. पुढे बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून त्याने तारा सैल केल्या, तसा सूर खाली उतरला. 'ब्लॅक सब्बाथ'चा तो काळोखा, जड आवाज ज्या गोष्टींतून घडला, त्यांत एक औद्योगिक अपघातही आहे. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत अपंगत्वाची टक्केवारी असते. असे परिणाम त्यात बसत नाहीत.

उमरेडला यंत्रांचा ठेका नवा नाही. वेकोलिच्या खुल्या कोळसा खाणीतले डंपर, शॉव्हेल आणि ड्रिल या तालुक्यातल्या अनेक घरांच्या पोटापाण्याशी जोडलेले आहेत. बर्लिनच्या कारखान्यातला आवाज उमरेडच्या पोराच्या कानात पोहोचायला आता मोबाइल पुरतो. आणि मग शेजारच्या खोलीतून आईवडिलांचा प्रश्न येतो, 'हे कसले गाणे?' काळजी रास्त आहे. पण बहुतेक घरांत ती चुकीच्या गोष्टीची केली जाते.

आधी चाहत्यांचे भांडण पाहू. आपला मेंदू गाणे नुसते ऐकत नाही, तो पुढचा सूर ओळखायच्या मागे असतो. कॅनडातील मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी 2011 मध्ये दाखवले की, आवडत्या गाण्यातला अंगावर काटा आणणारा क्षण येतो तेव्हा मेंदूत डोपामिन स्रवते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो क्षण येण्याच्या आधी, वाट पाहण्याच्या काही सेकंदांतही ते स्रवते. फक्त मेंदूतली जागा वेगळी. म्हणजे सुखाचा निम्मा भाग अंदाज बांधण्यात आहे. जुन्या अल्बमचा प्रत्येक वळसा चाहत्याला पाठ असतो, तिथे त्याचा मेंदू सतत बरोबर ठरतो. नव्या अल्बममध्ये पहिल्यांदा तो वारंवार चुकतो. ही चूक थोडी असली तर मजा येते, फार झाली तर 'पूर्वीसारखे नाही' हा निकाल लागतो, आणि अगदीच झाली नाही तर 'तेच ते पुन्हा' हा.

म्हणून पहिल्या ऐकण्यातले मत फारसे मनावर घेऊ नये. रॉबर्ट झायोन्स या मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्येच दाखवले होते की, एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. लग्नसराईत ज्या गाण्याला आपण नाके मुरडतो, तेच महिनाभराने गुणगुणतो, ते याचमुळे.

शिवाय आपले मत पूर्णपणे आपले असते, हाही भ्रमच. अमेरिकेत सालगॅनिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघांनी 14 हजारांहून अधिक लोकांना अनोळखी बँडची 48 गाणी ऐकवली. काहींना इतरांनी कोणते गाणे किती वेळा उतरवून घेतले याचा आकडा दिसत होता, काहींना नाही. आकडा दिसत होता त्या गटांमध्ये थोडी गाणी प्रचंड लोकप्रिय झाली आणि बाकीची मागे पडली. पण कोणते गाणे जिंकणार, हे प्रत्येक गटात सारखे नव्हते. 2006 मध्ये हा अभ्यास 'सायन्स' या नियतकालिकात आला. अगदी चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट सहसा डोक्यावर चढली नाहीत. मधल्या साऱ्यांचे नशीब मात्र आधी कोण काय बोलले यावर ठरले.

आता आईवडिलांची भीती. असले कर्कश संगीत ऐकून मूल हिंसक होईल का? ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात 2015 मध्ये झालेल्या अभ्यासात असे संगीत नेहमी ऐकणाऱ्या 18 ते 34 वयाच्या 39 जणांना आधी राग आणणाऱ्या प्रसंगांविषयी बोलते केले. मग निम्म्यांना त्यांचे आवडते कर्कश संगीत दहा मिनिटे ऐकू दिले आणि निम्म्यांना शांत बसवले. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. शांत बसलेल्यांप्रमाणेच तोही ओसरला. त्यांच्या हृदयाचे ठोके मात्र चढेच राहिले आणि त्यांना अधिक उत्साही वाटले. 2019 मध्ये तिथल्याच मॅक्वारी विद्यापीठातील संशोधकांना असे दिसले की, हिंसक शब्दांची मेटल गाणी ऐकणाऱ्यांचा मेंदू हिंसक चित्रांची दखल इतरांइतकीच घेतो, तो निबर झालेला नसतो. हे अभ्यास लहान आहेत, त्यांवर फार मोठी इमारत उभारता येणार नाही. तरीही निव्वळ गाण्याच्या प्रकारावरून मुलाची परीक्षा करण्याला आधार नाही. मूल जेवत नसेल, झोपत नसेल, मित्र तोडत असेल, मरणाचे बोलत असेल, तर ते भजन ऐकत असले तरी डॉक्टरांना दाखवावे.

चाहत्यांच्या तक्रारींपैकी एक मात्र डॉक्टरांनीही कान देऊन ऐकावी अशी असते. 'मेटॅलिका' हा बँड इंडस्ट्रियल नव्हे, पण याच कुळातला. सप्टेंबर 2008 मध्ये त्याचा 'डेथ मॅग्नेटिक' अल्बम आला आणि थोड्याच दिवसांत चाहते कुरकुरू लागले: गाणी चांगली आहेत, पण ऐकताना कान थकतात, आवाज फाटतो. तीच गाणी एका व्हिडिओ गेममध्येही होती आणि तिथे ती अधिक स्वच्छ ऐकू येत होती. अल्बमचे ध्वनिमिश्रण पुन्हा करावे, या मागणीच्या अर्जावर दहा हजारांहून अधिक सह्या झाल्या. कारण तांत्रिक होते. सीडी इतरांपेक्षा मोठ्याने वाजावी म्हणून गाण्यातले हळू आवाज वर ओढायचे आणि मोठे आवाज छाटायचे, ही तेव्हाची रीत. त्याने गाण्यातला चढउतार सपाट होतो. कानाला मिळणारी विश्रांतीची फट बुजते. या मंडळींनी कानांवर विश्वास ठेवून जे सांगितले, ते यंत्रावर मोजल्यावर खरे निघाले.

ही फट महत्त्वाची का? आतल्या कानात शंखासारखा वेटोळ्याचा एक भाग असतो. त्यात सूक्ष्म केस असलेल्या पेशी असतात, प्रत्येक कानात साधारण पंधरा हजार. ध्वनीच्या लाटेने हे केस डुलतात आणि त्यातून मज्जातंतूला संदेश जातो. फार मोठा आवाज बराच वेळ राहिला की हे केस वाऱ्याने झोपलेल्या ज्वारीसारखे आडवे होतात. विश्रांती मिळाली तर बरेचसे सावरतात. मिठागत चव गेल्यासारखे बधिर वाटणे, कानात घुंई, हे सारे दुसऱ्या दिवशी निवळते ते यामुळे. पण मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही. 2009 मध्ये कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांवर आणखी एक गोष्ट दाखवली: ऐकू येण्याची पातळी पूर्ववत झाली तरी पेशी आणि मज्जातंतू यांमधले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. नुकसान बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास सुरू होते. बोलणे ऐकू येते, पण गर्दीत शब्द कळत नाहीत. 'स', 'श', 'फ' निसटतात. माणूस म्हणतो, लोक पुटपुटतात.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबल, 40 तास अशी मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी 75. डेसिबलचे गणित फसवे आहे. तीन डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो: 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5. 100 डेसिबलला आठवडाभराचा कोटा वीस-पंचवीस मिनिटांत संपतो, म्हणजे 'झाइट' अल्बम पूर्ण ऐकूनही होत नाही. गाणे मेटलचे आहे की अभंग, याने कानाला काही फरक पडत नाही.

उमरेडहून नागपूरला रोज कॉलेजला जाणारी मुले साधारण 45 किलोमीटरचा प्रवास करतात. एसटीचा खडखडाट आधीच कानावर असतो, त्यावर मात करायला व्हॉल्यूम वाढवला जातो आणि उतरल्यावर तो तसाच राहतो. संध्याकाळी वरातीचा डीजे. घरातला कर्ता खाणीत असेल तर त्याच्या आठ तासांसाठी 90 डेसिबलची धोक्याची रेषा आहे, कानात घालायचे बोळे आहेत, नियम आहेत. मुलाच्या मोबाइलला मात्र सुपरवायझर नसतो. कानात नीट बसणारे किंवा बाहेरचा गोंगाट गाळणारे हेडफोन खरोखर उपयोगी पडतात, कारण मग आवाज वाढवावा लागत नाही. व्हॉल्यूम साठ टक्क्यांच्या आत ठेवावा आणि तासाभराने कानाला थोडी सुट्टी द्यावी. डीजेसमोर नाचायचेच असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे घालावेत. ठेका तरीही छातीत जाणवतोच.

गाणी ऐकल्यावर कानात शिटी वाजली तर तो त्या दिवसापुरता इशारा समजावा. दुसऱ्या दिवशीही ती राहिली, तर तपासणी हवी. आणि एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर ती तातडीची बाब आहे. मळ असेल म्हणून तेल घालत आठवडा काढू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत स्टेरॉइडचे उपचार सुरू झाले तर ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता बरी असते.

ऐकण्याची मोजणी, म्हणजे ऑडिओमेट्री, नागपूरच्या मेडिकलमध्ये आणि मेयोत कान-नाक-घसा विभागात होते. सुई नाही, वेदना नाही. शांत खोलीत बसून आवाज आला की बटण दाबायचे, अर्ध्या तासाचे काम. फक्त आधीचे किमान 14 तास कान शांत असावे लागतात, नाहीतर आलेख खोटा येतो. म्हणजे आदल्या रात्री हेडफोन नाही, वरात नाही आणि खाणीतली रात्रपाळीही नाही.