मागाल तेवढंच देणारं शरीर

१९४२ साली अमेरिकी नौदलातले डॉक्टर अल्बर्ट बेन्के यांनी काही व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटूंचं वजन चक्क पाण्याखाली केलं. उंची-वजनाच्या तक्त्याप्रमाणे यातले बरेचसे पठ्ठे लठ्ठ, म्हणजे सैन्यभरतीला अपात्रच ठरत होते. पण तक्त्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, पाण्याला कळतो. चरबी पाण्यापेक्षा हलकी, स्नायू आणि हाडं जड. हवेतलं आणि पाण्यातलं वजन ताडून पाहिलं की शरीराची घनता निघते आणि घनतेवरून चरबीचा अंदाज बांधता येतो. तत्त्व आर्किमिडीजचंच! त्या पाण्याने निवाडा दिला: हे ‘लठ्ठ’ खेळाडू सडसडीत आहेत, जास्तीचं वजन स्नायूंचं आहे.

तंदुरुस्ती एका आकड्यात मावत नाही ती अशी. व्यायामशास्त्र तिचे पाच मूलभूत घटक मानतं. चरबी-स्नायूंचं प्रमाण, म्हणजे शरीराची घडण, हा त्यातला एक. उरलेले चार म्हणजे दमसास, ताकद, चिवटपणा आणि लवचिकता. गंमत अशी की, एकाच देहात नांदूनही हे पाच जण एकमेकांना जेमतेम ओळखतात. दीडशे किलोंची वजनं उचलणारा गडी सिंहगड चढताना धापा टाकू शकतो आणि मॅरेथॉन पळणाऱ्याला सिमेंटचं पोतं जागचं हलवता येईलच असं नाही.

दमसास म्हणजे हृदय, फुप्फुसं आणि रक्त यांनी मिळून केलेली प्राणवायूची ने-आण. आपल्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं आणि स्वस्थ बसलेलो असताना हृदय मिनिटाला जवळपास तेवढंच रक्त ढकलतं. जोरात धावायला लागलो की हेच काम वीस लिटरांवर जातं, म्हणजे अंगातलं सगळं रक्त पंधरा सेकंदांत फिरून येतं! त्याची वाटणीही बदलते. एरवी स्नायूंना रक्ताचा पाचवा हिस्सा मिळतो, धावताना चार पंचमांशांपर्यंत. पचनसंस्थेचा आणि मूत्रपिंडांचा वाटा तेवढ्यापुरता आखडतो. नियमित पळणाऱ्याचं हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं. म्हणून कसलेल्या धावपटूची नाडी विश्रांतीत मिनिटाला चाळीसवरही आलेली दिसते.

ताकदीचं कोडं याहून चमत्कारिक आहे. जोर-बैठका किंवा वजनं सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण दंडाचा घेर मात्र जवळपास तेवढाच राहतो. मग वाढतं काय? मेंदूचं आणि मज्जासंस्थेचं कसब. एका स्नायूत हजारो तंतू असतात आणि नवख्याला त्यातले सगळे एकाच वेळी कामाला जुंपता येत नाहीत. सरावाने ते जमू लागतं, स्नायूंची भर मागाहून पडते. १८९४ साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि सहकाऱ्यांनी याची एक अजब बाजू दाखवली: व्यायाम एकाच हाताला दिला तरी दुसऱ्या, नुसत्या बसून राहिलेल्या हाताची ताकदही काहीशी वाढते.

ताकद एका दणक्यात दिसते, चिवटपणा टिकण्यात. तो बघायला कोंबडीचा रस्सा पुरे. तंगडीचं मांस गडद, छातीचं फिकट. कोंबडी दिवसभर चालत असते, उडते क्वचित. अखंड राबणाऱ्या स्नायूत प्राणवायू धरून ठेवणारं लाल रंगाचं मायोग्लोबिन भरपूर असतं. झटक्यात जोर लावून लवकर थकणाऱ्या स्नायूत ते कमी. माणसात हे दोन्ही तंतू एकाच स्नायूत मिसळलेले असतात. आपल्याला उभं ठेवणाऱ्या पोटरीच्या आतल्या स्नायूत न थकणाऱ्यांची संख्या जास्त असते.

आणि लवचिकता? पायाचे अंगठे धरायला वाकलो की मांडीमागे जे ताणतं, तिथे स्नायूची लांबी संपलीच असं नव्हे. स्नायूंमध्ये ताण मोजणारी सूक्ष्म संवेदकं असतात. ताण वाढला की निरोप जातो आणि मज्जासंस्था ‘बास’ म्हणते. भूल दिलेल्या माणसाचे सांधे एरवीपेक्षा जास्त वाकवता येतात ते यामुळेच. ताणाच्या व्यायामाच्या पहिल्या आठवड्यांत स्नायू लांब होण्यापेक्षा ही सहनशक्तीच वाढते. मल्लखांबाला विळखा घालणाऱ्या मुलाने स्नायूंइतकीच आपल्या मज्जासंस्थेचीही समजूत काढलेली असते.

या पाचांत समान धागा एकच: शरीर कमालीचं हिशेबी आहे. ज्याची मागणी होते ते ते घडवतं, मागणी थांबली की मोडीत काढतं. याचा लख्ख पुरावा अमेरिकेतल्या डॅलसमध्ये मिळाला. १९६६ साली विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला सांगितलं. उठले तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून अधिक घटली होती. तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. वजन वाढलं होतं, चरबी दुपटीच्या घरात गेली होती, तरी तीस वर्षांच्या वार्धक्याने दमसासाची केलेली हानी त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणापेक्षा कमीच भरली!

मग त्यांना सहा महिने चालणं, हळू पळणं, सायकल असा व्यायाम दिला. विशीत, अंथरुणाला खिळण्यापूर्वी, त्यांची जी सरासरी क्षमता होती, तिथे ते पन्नाशीत परत पोहोचले. वजन मात्र फारसं उतरलं नाही. व्यायामात मागणी दमसासाची होती, शरीराने तोच दिला.