‘सी टाइप’ हे फक्त आकाराचं नाव

‘सी टाइप केबल द्या,’ एवढंच आपण दुकानात सांगतो. मिळालेल्या केबलवर फोन छान चार्ज होतो. तीच केबल लॅपटॉपपासून मॉनिटरला जोडली की पडदा काळाच राहतो आणि आपण मॉनिटरला नावं ठेवतो. मॉनिटर बिचारा ठणठणीत असतो. ‘सी टाइप’ या नावावरून पिनचा आकार कळतो. तिच्यातून काय काय जाईल, ते कळत नाही.

हा आकार 2014 साली ठरला. पोर्टमध्ये डोकावलं तर मधोमध एक पातळ जीभ दिसते. तिच्या वर 12 आणि खाली 12 असे एकूण 24 संपर्क: विजेसाठी चार, ग्राउंडचे चार, वेगवान डेटाचे आठ, जुन्या यूएसबीच्या डेटाचे चार आणि उरलेले चार इतर कामांचे. साध्या चार्जिंग केबलमध्ये ते आठ वेगवान मार्ग नसतातच. तिचा वेग सेकंदाला 480 मेगाबिटवर थांबतो, आणि चित्र तर त्या आठांवरूनच जायचं असतं. पूर्ण तारांची केबल आणली तरी लॅपटॉपच्या त्या पोर्टमध्ये चित्र पाठवायची सोय हवी. 2023 मधला आयफोन 15 घ्या. साध्या मॉडेलचा वेग तोच 480 मेगाबिट, प्रो मॉडेलचा 10 गिगाबिट. बाहेरून पोर्ट मात्र सारखंच. प्रोच्या खोक्यातली केबलसुद्धा कमी वेगाचीच होती.

‘65 वॉटचा चार्जर लावला तर फोन जळेल’ ही भीती घरोघरी आहे आणि ती निराधार आहे. सी टाइप चार्जरला काही जोडलेलं नसतं तेव्हा तो वीज सोडतच नाही. ‘सीसी’ नावाच्या संपर्कावर त्याला पलीकडच्या उपकरणातला 5.1 किलोओहमचा रोधक जाणवला, की मग तो 5 व्होल्ट देतो. पुढचं बोलणं त्याच तारेवर होतं. चार्जर सांगतो, माझ्याकडे 5, 9, 15, 20 व्होल्ट आहेत. फोन त्याला झेपेल तेवढंच मागतो. वॉटचा आकडा ही चार्जरची कमाल क्षमता आहे, तेवढी वीज तो फोनवर लादत नाही.

या रोधकावरून आणखी एक कोडं सुटतं. एखादा स्वस्त ट्रिमर किंवा टॉर्च जुन्या चौकोनी पिनच्या केबलवर चार्ज होते, पण दोन्हीकडे सी असलेल्या केबलवर ढिम्म. लोक चार्जर बदलून आणतात. खरं तर बनवणाऱ्याने काही पैशांचा तो रोधकच बसवलेला नसतो. ग्राहकाला त्याचा पत्ता लागत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

खरा धोका असतो तो चुकीच्या जोडणीच्या केबलमध्ये. गूगलमधले अभियंते बेन्सन लेउंग स्वतः अशा केबली तपासत असत. 2016 मध्ये एका केबलमध्ये वीज आणि ग्राउंड यांची अदलाबदल झालेली निघाली आणि तपासताना त्यांचा लॅपटॉप निकामी झाला.

जाड केबल म्हणजे जास्त ताकद, हेही खरं नाही. दोन्हीकडे सी असलेल्या केबलमध्ये ओळख सांगणारी चिप नसेल तर मर्यादा 3 अँपिअरची, म्हणजे 20 व्होल्टला 60 वॉट. त्यावरच्या शक्तीला 5 अँपिअरची चिपवाली केबलच लागते. 2021 पासून ही मजल 240 वॉटपर्यंत गेली आहे. म्हणून 100 वॉटचा चार्जर घेऊनही लॅपटॉप हळू भरत असेल, तर आधी केबलवर किती वॉट छापलंय ते बघा.

पिन सैल बसायला लागली की ‘पोर्ट गेलं’ असं आपण ठरवून टाकतो. पण झिजणाऱ्या स्प्रिंग केबलच्या टोकात ठेवलेल्या असतात, म्हणून आधी दुसरी केबल लावून पाहावी. तीही सैल बसली तर खिशातला कचरा आत दाबून बसलेला असू शकतो. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो हलक्या हाताने काढा. सुई किंवा सेफ्टी पिन आत घालू नका. ती पातळ जीभ मोडली तर पोर्टच बदलावं लागतं.