शस्त्रक्रियेनंतर वृद्ध पाळीव उंदराची शुश्रूषा : एक विवेचन

प्रस्तावना :

उंदराविषयी आपल्या समाजमनात परस्परविरोधी भावना आढळतात. भाद्रपदात गणपतीचे वाहन म्हणून तो मखरात विराजमान होतो. एरवी मात्र कणगीतील भात आणि माळ्यावरील नारळ कुरतडणारा शत्रू म्हणूनच कोकणातील शेतकरी त्याला ओळखतो. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराची येथे उंदरावरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे दाखवून दिले. तेव्हापासून या शत्रुत्वाला शास्त्रीय आधारही मिळाला. प्राणिशास्त्राच्या अध्यापकांना उंदराचे तिसरे एक रूप परिचित आहे. ते म्हणजे विच्छेदनाच्या ट्रेमधील पांढरा उंदीर. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची आणि २०१४ मध्ये ते पूर्णतः थांबविण्याची भूमिका घेतली. तोवर आपल्या अनेक पिढ्या या प्राण्याची शरीररचना शिकल्या. परंतु जिवंत व आजारी उंदराची काळजी कशी घ्यावी, हा विषय अभ्यासक्रमात कधी आला नाही.

प्रस्तुत लेखिकेला ही उणीव स्वतःच्या घरी जाणवली. मालवण तालुक्यातील तिच्या घरी पाळलेल्या सव्वादोन वर्षांच्या पांढऱ्या मादी उंदराच्या काखेजवळील गाठ शस्त्रक्रियेने काढावी लागली. चौथ्या दिवशी पिंजऱ्याच्या तारेत मागील पायाचे बोट अडकून तिला आणखी एक जखम झाली. सिंधुदुर्गातील पशुवैद्यकीय दवाखान्यांचा बहुतेक वेळ गाईगुरे, शेळ्या व कुत्री यांच्यासाठी जातो. १८८६ साली स्थापन झालेले परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथून सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. अशा परिस्थितीत शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा ही प्रामुख्याने घरच्या माणसाचीच जबाबदारी ठरते. ती कोणत्या शास्त्रीय तत्त्वांवर उभी असावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उंदराचे वार्धक्य :

पाळीव उंदराचे आयुष्य साधारणतः दोन ते तीन वर्षांचे असते. दीड-दोन वर्षांनंतर त्याची गणना वृद्धांत करावी लागते. या वयात मूत्रपिंडे क्षीण होऊ लागतात, मागील पाय अशक्त होतात आणि श्वसनमार्गातील जुना मायकोप्लाझ्माचा संसर्ग बळावतो. माद्यांमध्ये स्तनग्रंथींच्या गाठी विशेष आढळतात. उंदराच्या स्तनग्रंथींचे जाळे मानेपासून जांघेपर्यंत पसरलेले असल्याने अशी गाठ काखेत, बरगडीवर किंवा पोटाखाली कोठेही उद्भवू शकते. बहुसंख्य गाठी सौम्य प्रकारच्या असतात. परंतु त्या झपाट्याने वाढतात व चालणे अवघड करतात. म्हणूनच वृद्ध प्राण्यावरही शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. कुत्र्या-मांजराला भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवतात, म्हणून उंदरालाही रात्रभर उपाशी ठेवले जाते. वास्तविक उंदराला उलटी होऊच शकत नाही. त्यामुळे दीर्घ उपवासाची गरज नसते. उलट त्याचा चयापचय वेगवान असल्याने उपवासाने रक्तातील साखर घसरण्याचा धोका संभवतो.

वेदनेची ओळख :

उंदीर हा भक्ष्य प्राणी आहे. दुखणे दाखविणारा प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत प्रथम भरतो, त्यामुळे वेदना लपविणे हा त्याचा स्वभावधर्म बनला आहे. भीतीच्या वेळी तो सुमारे २२ किलोहर्ट्झ वारंवारतेचा आवाज काढतो. मानवी कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास असल्याने तो आपल्याला ऐकू येत नाही. ‘गप्प आहे, म्हणजे बरा आहे’ हे अनुमान म्हणूनच घातक ठरते.

या अडचणीवर २०११ साली कॅनडातील संशोधकांनी उंदराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक श्रेणीपद्धती प्रसिद्ध केली. तीत चार बाबी पाहिल्या जातात : डोळे किती मिटलेले आहेत, नाक व गालांचा फुगीरपणा सपाट झाला आहे काय, कान दुमडून बाहेरच्या बाजूस वळले आहेत काय, आणि मिशा ताठरल्या आहेत काय. यासाठी कोणतेही उपकरण लागत नाही. प्राणी निरोगी असतानाचा त्याचा चेहरा मात्र परिचित असावा लागतो. पाठीला पोक येणे, अंगावरील केस विस्कटलेले राहणे आणि अंग चाटून स्वच्छ न करणे हीदेखील महत्त्वाची लक्षणे होत.

डोळ्यांभोवती व नाकाशी दिसणारा तांबडा स्राव पाहून अनेकजण घाबरतात. तो रक्तस्राव नसून डोळ्यामागील हार्डेरियन ग्रंथीतून येणारे पॉर्फिरिन हे रंगद्रव्य असते. ते ताण वा आजार सूचित करते. ओल्या कापसाने ते पुसावे. परंतु ते पुन्हा पुन्हा येत असल्यास कारणाचा शोध घ्यावा.

निवारा व जखमेची निगा :

लहान देहाची उष्णता लवकर निघून जाते. म्हणून भुलीतून बाहेर येताना ऊब सर्वांत महत्त्वाची असते. कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली पिंजऱ्याच्या अर्ध्याच भागात ठेवावी, म्हणजे प्राण्याला हवे तेव्हा दूर सरकता येते. मालवणच्या किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यांत नेमकी उलट काळजी घ्यावी लागते. उंदराला माणसासारखा घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकण्यासाठी तो मुख्यत्वे शेपटीवर अवलंबून असतो. दमट उकाड्यात पिंजरा सावलीत व हवेशीर जागी हलविणे अगत्याचे ठरते.

तारेची जमीन आणि वरचे मजले काढून टाकावेत. वखारीतील लाकडाचा भुसा किंवा काथ्याची भुकटी अंथरू नये. त्यांची धूळ श्वसनमार्गाला व जखमेला अपायकारक असते. साधा कागद किंवा धागे न सुटणारे सुती कापड अंथरावे व ते रोज बदलावे. साचलेल्या मूत्रातून निघणारा अमोनिया फुप्फुसांचा विकार वाढवितो, आणि पावसाळ्यात ओले अंथरूण सुकत नाही.

उंदीर टाके कुरतडतो. म्हणून पशुवैद्यक शक्यतो त्वचेखाली दडलेले टाके घालतात. जखम दिवसातून दोनदा पाहावी. सूज, ऊब, दुर्गंधी वा स्राव आढळल्यास विलंब करू नये. सोबतचे उंदीर टाके तोडू शकतात, तर पूर्ण एकांत या समूहप्रिय प्राण्याला मानवत नाही. पिंजरे शेजारी ठेवून मध्ये जाळी ठेवणे हा त्यावरील सुवर्णमध्य होय.

आहार, वजन व औषधे :

पटाशीचे दात आयुष्यभर वाढत असल्याने खाणे थांबले की दातांचाही प्रश्न उभा राहतो. पहिले काही दिवस मऊ आहार द्यावा. आपल्याकडील उकड्या तांदळाची पेज, मीठ न घालता आणि शिते कुसकरून, यासाठी उत्तम आहे. तीतून पाणीही पोटात जाते. सोबत उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा चालतो. क्षीण मूत्रपिंडांचा विचार करता प्रथिनांचा अतिरेक मात्र टाळावा. उंदराला दर १०० ग्रॅम वजनामागे दिवसाला सुमारे १० मिलिलिटर पाणी लागते.

स्वयंपाकघरातील अंकीय काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून नोंद ठेवावी. ३०० ग्रॅमच्या उंदराचे वजन ३० ग्रॅमने, म्हणजे एक दशांशाने घटल्यास ती गंभीर सूचना समजावी.

घरातील माणसांची औषधे अंदाजाने देऊ नयेत. २००६ साली गिधाडांच्या रक्षणार्थ पशुवैद्यकीय डायक्लोफिनॅकवर बंदी आली, तेव्हा पर्याय म्हणून पुढे आलेले मेलॉक्झिकॅम उंदरांतही वेदनाशामक म्हणून वापरतात. परंतु शरीरातील पाणी कमी झालेल्या वृद्ध उंदराच्या मूत्रपिंडांना तेही अपाय करू शकते. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

आपल्या जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसचे भान ठेवणे अनिवार्य आहे. रानटी उंदरांच्या मूत्रातून पसरणारा हा रोग भातशेतीच्या हंगामात येथे परिचित आहे. पिंजरा रानटी उंदरांपासून सुरक्षित ठेवावा, हातमोजे वापरावेत व हात साबणाने धुवावेत.

समारोप :

उपरोक्त मादीची काखेजवळची जखम बारा दिवसांत भरली. बोटाला तीन आठवडे लागले. त्यानंतर ती अकरा आठवडे जगली. अखेरीस तिने पेजही नाकारली, वजन सलग पाच दिवस घटत गेले आणि डोळे अर्धे मिटलेलेच राहू लागले. तेव्हा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने तिला वेदनारहित मरण देण्यात आले. हा निर्णय भावनेच्या भरात किंवा फार उशिरा घेतला गेला नाही, याचे श्रेय वजनाच्या वहीला द्यावे लागेल.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या तिसऱ्या कलमानुसार प्राण्याचे हित जपणे व त्याला अनावश्यक वेदना होऊ न देणे हे त्याच्या पालकाचे कर्तव्य आहे. वेदना ओळखता आली तरच हे कर्तव्य पार पाडता येते. विच्छेदनाने रिकाम्या केलेल्या प्रात्यक्षिकाच्या तासिकांपैकी एखादी तासिका जिवंत प्राण्याचे निरीक्षण, वजनाची नोंद आणि वेदनेची लक्षणे यांसाठी राखून ठेवली, तर ज्या प्राण्याने आपल्याला शरीरशास्त्र शिकविले त्याचे ऋण अंशतः तरी फिटेल असे वाटते.